माजी बेसबॉल खेळाडूंच्या स्वाक्षऱ्या टपालाने कशा मिळवाव्यात

चाहत्याने कार्ड (खेळाडूचे छायाचित्र छापलेले, संग्रहासाठी विकले जाणारे छोटे पत्रक), पत्र आणि परतीचे पाकीट पाठवावे आणि खेळाडूने कार्डावर स्वाक्षरी करून ते परत धाडावे, ही प्रथा अमेरिकेत कित्येक दशकांची आहे. निवृत्त खेळाडू पुष्कळदा उत्तर देतात, पण ते त्यांचे सौजन्य असते. म्हणून त्यांचे श्रम कमी कसे होतील, हे आधी पाहावे.

सुरुवात नामवंतांपासून करू नये. हॉल ऑफ फेममधले, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या सन्मान-यादीतले अनेक जण स्वाक्षरीसाठी शुल्क घेतात, तर दोन-चार हंगाम खेळून निवृत्त झालेल्या खेळाडूला आपली आठवण कोणी ठेवली, याचाच आनंद असतो. मात्र तो हयात आहे याची खात्री करून घ्यावी. दिवंगत व्यक्तीच्या नावाने गेलेले पत्र तिच्या कुटुंबाला क्लेश देते. घरच्या पत्त्याऐवजी संघाचे कार्यालय किंवा खेळाडूची स्वतःची संस्था पत्र पोहोचवत असेल, तर तो मार्ग अधिक योग्य.

कार्ड निवडताना कागद पाहावा. अशी कार्डे छापणाऱ्या टॉप्स कंपनीचा 1987 चा 792 कार्डांचा संच नवख्यांसाठी उत्तम: लाकडासारख्या किनारीची ही कार्डे मुबलक आणि स्वस्त आहेत, शिवाय त्यांना चकचकीत लेप नसल्यामुळे शाई नीट बसते. गुळगुळीत कार्डावर शाईचे थेंब जमतात. त्यावर कापसाने थोडी बेबी पावडर चोळून ती पुसून टाकावी. छायाचित्रात फिकट मोकळी जागा असावी, कारण गडद जर्सीवर सुंदर स्वाक्षरीही हरवते. 573 होमरन (चेंडू मैदानाबाहेर टोलवून मिळवलेल्या धावा) मारणारे बेसबॉलपटू हार्मन किलब्रू तरुण खेळाडूंना नाव वाचता येईल असेच लिहायला सांगत असत, आणि त्यांच्या स्वाक्षरीतले प्रत्येक अक्षर लावता येते. कार्डे दोनपेक्षा अधिक पाठवू नयेत, आणि आपल्याकडचे एकमेव मौल्यवान कार्ड तर मुळीच नाही.

खरी मेहनत पत्रावर घ्यावी. ते हाताने लिहिलेले आणि एका पानाचे असावे. ‘तुम्ही माझे सर्वांत आवडते खेळाडू आहात’ हे वाक्य प्रत्येकाला पाठवता येते, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळते. त्यापेक्षा त्याच्या कारकिर्दीतला एखादा सामना, एखादा झेल किंवा त्याने बदललेले संघ अभ्यासून नेमके काही लिहावे, एखादा साधा प्रश्नही विचारावा. स्वाक्षरीसोबत आपले नाव लिहावे अशी विनंती केल्यास कार्ड विकण्यासाठी मागवलेले नाही, हा विश्वास बसतो.

परतीच्या पाकिटावर आपला पत्ता लिहून तिकीट लावावे आणि ते दुमडून आत ठेवावे. कार्डाला पातळ पुठ्ठ्याचा आधार पुरे. कडक प्लॅस्टिकचे आवरण घातल्यास पाकीट वर्गीकरण यंत्रातून जात नाही आणि जादा शुल्क पडते. एका साध्या अमेरिकी तिकिटावर देशांतर्गत एक औंसापर्यंत, म्हणजे सुमारे 28 ग्रॅमपर्यंतचे पत्र जाते. भारतातून पत्र पाठवणाऱ्याने परतीच्या पाकिटावर भारतीय तिकीट लावून उपयोग नाही. 2013 पासून मिळणारे अमेरिकेचे ‘ग्लोबल फॉरेव्हर’ हे परदेशी पत्रांसाठीचे तिकीट हवे, आणि न्यू जर्सीत कोणी नातेवाईक असल्यास ते सहज मागवता येते.

यानंतर कोणाला, कोणत्या पत्त्यावर, कोणते कार्ड कधी पाठवले याची वहीत नोंद करावी. उत्तर दहा दिवसांत येते किंवा वर्षभरानेही येते. मधल्या काळात स्मरणपत्र पाठवू नये.