बाहेर खाताना कॅलरी बघताय? मग या चुका टाळा

मागच्या महिन्यात ताईने बाहेरून सॅलड मागवलं. वजन कमी करायचं मनावर घेतलंय, म्हणून बाकी सगळं सोडून सॅलड. सोबत ड्रेसिंगची एक छोटी डबी आली होती, ती अख्खी वरून ओतणार तेवढ्यात मी म्हटलं थांब, आधी मोजू. मापाचा मोठा चमचा, म्हणजे टेबलस्पून, घेतला आणि भरत गेले तर चार चमचे निघाले, आणि प्रत्येक चमच्यावर तेलाचा थर. तेलाचा एक टेबलस्पून म्हणजे साधारण १२० कॅलरी. ड्रेसिंगमध्ये अर्धंच तेल धरलं तरी २४० झाल्या, आणि खाली जी काकडी, टोमॅटो, कोबी होती त्या सगळ्याच्या मिळून त्याच्या निम्म्यापण नसतील.

तर पहिली चूक हीच, डिशचं नाव बघून निर्धास्त होणं. सॅलड, ग्रिल्ड, सूप, ब्राऊन ब्रेड वगैरे नावं ऐकली की आपण पुढचं काही विचारतच नाही. एक ग्रॅम फॅटमध्ये ९ कॅलरी असतात, प्रोटीन आणि कार्बोहायड्रेटमध्ये ४, त्यामुळे बाहेरच्या जेवणात कॅलरी बहुतेक वेळा वाढतात त्या तेल, बटर, चीज, क्रीम आणि सॉसमुळे, आणि नेमकं हेच डोळ्यांना नीट दिसत नाही. उपाय सोपा आहे, सॉस आणि ड्रेसिंग वेगळं मागा, वरचं बटर नको म्हणून सांगा. यात लाजण्यासारखं काहीच नाही, किचनवाल्यांना अशा ऑर्डरची सवय असते.

दुसरी चूक, पिण्याचं न मोजणं. मेनूवर लिहिलेला जेवणाच्या कॅलरींचा आकडा बघून निवड केली आणि सोबत कोल्ड्रिंक घेतलं की हिशोब तिथेच फसला. ३३० मिलीच्या साध्या कोलाच्या कॅनमध्ये जवळपास ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे १४० कॅलरी, आणि त्याने पोट भरल्यासारखं पण वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे की वरून घातलेल्या साखरेतून (मध आणि ज्यूसमधली साखरपण यातच येते) दिवसाच्या १०% पेक्षा कमी कॅलरी याव्यात, जमलं तर ५% च्या आत. २००० कॅलरींचा आहार धरला तर ५० ग्रॅम, आणि जमलं तर २५. म्हणजे एका कॅनमध्येच ती २५ ची मर्यादा ओलांडली. मला विचाराल तर बाकी काही बदलायला जमत नसेल तरी एवढं एक बदला, पाणी घ्या.

आकडा वाचतानाही घोळ होतो. तो अख्ख्या प्लेटचा आहे की एका सर्व्हिंगचा, कॉम्बोचा आहे की नुसत्या मेन डिशचा, एक्स्ट्रा चीज धरून आहे का, हे बघायचं. काही देशांत किलोज्यूलमध्ये लिहितात, तिथे साधारण ४.२ ने भागायचं. आणि हो, तो आकडा अंदाजच असतो, बनवणाऱ्याचा हात थोडा सैल सुटला की तेल वाढतं, त्यामुळे ६१० आणि ६३० मध्ये डोकं लावत बसू नका, ५०० आणि ९०० मधला फरक बघा.

रात्री बाहेर जायचंय म्हणून दिवसभर उपाशी राहणं हीपण चूकच. कडकडून भूक लागलेली असताना मेनू हातात आला की आकडा कोण बघतंय.

आता ज्या चुकीबद्दल मला मनापासून बोलायचंय ती म्हणजे 'हे सगळं ज्याच्या त्याच्या जिभेवर आहे, सरकारने आकडे लिहायला लावून काय होणार' असं म्हणणं. २०२२ मध्ये जगात १०० कोटींहून जास्त लोक लठ्ठपणासोबत जगत होते, आणि १९९० पासून मोठ्या माणसांमधलं प्रमाण दुपटीहून जास्त झालंय. एवढ्या सगळ्यांचा मनावरचा ताबा एकाच काळात सुटला असं कसं होईल? बदललंय ते आजूबाजूचं खाणं, त्याचा आकार, ते सहज मिळणं आणि जाहिराती.

न्यूयॉर्क शहराने २००८ मध्ये चेन रेस्टॉरंटना मेनूवर कॅलरी लिहायला लावल्या, २०१८ पासून अख्ख्या अमेरिकेत २० किंवा जास्त शाखा असलेल्यांना ते बंधनकारक झालं, २०२२ मध्ये इंग्लंडने मोठ्या कंपन्यांना लावलं. फरक किती पडतो? आरोग्यावरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०२५ मध्ये असे अनेक अभ्यास तपासले, तर लोकांनी निवडलेल्या कॅलरींमध्ये सरासरी १.८% घट निघाली, ६०० कॅलरींच्या जेवणात ११ कॅलरी. कमी आहे, मान्य, पण म्हणूनच एकट्या आकड्यावर थांबून चालत नाही. ब्रिटनने २०१८ मध्ये जास्त साखरेच्या सॉफ्ट ड्रिंकवर कर लावला, १०० मिलीत ५ ग्रॅमपासून पुढे, तर बऱ्याच कंपन्यांनी कर सुरू व्हायच्या आधीच साखर कमी करून टाकली, पिणाऱ्याला काही मोजावंच लागलं नाही. चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, फॅट किंवा कॅलरी जास्त असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के छापायला लावले, लहान पोरालापण कळतील असे. असे नियम आपल्याकडे येत असतील तर त्यांना पाठिंबा द्या, कटकट म्हणून उडवून लावू नका.

आणि एक, दुसऱ्याच्या ताटातल्या कॅलरी मोठ्याने वाचून दाखवू नका. ज्यांना खाण्याशी संबंधित मानसिक त्रास आहे त्यांना हे आकडे खरंच जड जातात, म्हणून तर इंग्लंडच्या नियमात ग्राहकाने मागितलं तर आकड्यांशिवायचं मेनू कार्ड द्यायची मुभा ठेवलीय.

छोट्या ठिकाणी आकडा लिहिलेलाच नसतो, तिथे काय करायचं? तळलेलं एकच घ्या, प्लेट मोठी असेल तर पहिला घास घ्यायच्या आधीच अर्धं पार्सल करायला सांगा. ताई आता ड्रेसिंग काट्याच्या टोकाने लावून खाते, ती डबी तिला तीन दिवस पुरली.