बदलत्या वाऱ्यात जनित्रातील विद्युत दोष कसा ओळखावा

पवनचक्कीच्या जनित्रातील विद्युत दोष शोधताना केवळ प्रवाहाच्या आकड्यावर विसंबू नये. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे वेग दुप्पट होताच ती आठपट होते आणि निर्दोष यंत्राचा प्रवाहही सतत वरखाली होतो. म्हणून प्रवाह आणि जनित्राची फिरण्याची गती यांची नोंद एकाच वेळी घ्यावी.

स्टेटर (स्थिर भाग) आणि रोटर (फिरणारा भाग) अशा दोन्ही बाजूंनी वीज पुरवल्या जाणाऱ्या प्रवर्तन जनित्रात रोटरच्या वेटोळ्यांमध्ये असमतोल आला, तर स्टेटरच्या प्रवाहाच्या वर्णपटात, म्हणजे कोणती वारंवारता किती आहे हे दाखवणाऱ्या आलेखात, मूळ वारंवारतेच्या दोन्ही बाजूंना छोटी शिखरे उमटतात. मूळ वारंवारतेपासून त्यांचे अंतर स्लिपच्या दुप्पट असते; स्लिप म्हणजे स्टेटरच्या फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या गतीपेक्षा रोटरची गती किती टक्के वेगळी आहे ते. ग्रिड ५० हर्ट्झची आणि स्लिप २० टक्के असेल तर ती ३० आणि ७० हर्ट्झवर दिसतात. वारा बदलून स्लिप १० टक्क्यांवर आली की तीच ४० आणि ६० वर सरकतात. मिनिटभराच्या नोंदीचा सरसकट वर्णपट काढला, तर ही शिखरे पसरून गोंगाटात हरवतात, आणि निदान बहुधा इथेच फसते. यासाठी गतीवरून क्षणोक्षणीची स्लिप काढावी आणि आलेख हर्ट्झऐवजी स्लिपच्या पटीत मांडावा. तिथे खऱ्या दोषाचे शिखर जागचे हलत नाही. त्याची उंची मात्र भारानुसार बदलते, म्हणून तुलना तेवढ्याच भाराच्या जुन्या नोंदीशी करावी. रोटर उघडण्याआधी ब्रश आणि स्लिप रिंग (फिरत्या रोटरला बाहेरच्या तारांशी जोडणारे घासते संपर्क) अवश्य पाहावेत, कारण तिथला सैल संपर्कही असाच असमतोल दाखवतो.