शवासनात नुसतं पडून राहताय? या चुका टाळा

शेवटची दहा मिनिटं उरली की योगाच्या क्लासमधल्या निम्म्या लोकांची चुळबुळ सुरू होते, कोणी मॅट गुंडाळतं, कोणाला डबा भरायचा असतो, आणि "शवासन काय, घरी जाऊन झोपतोच की" म्हणत निघतात. मला मनापासून वाईट वाटतं, कारण तासभर केलेलं अंगात मुरायची वेळ नेमकी हीच असते.

आधी नावाचं बोलू. शव म्हणजे प्रेत, त्यामुळे बऱ्याच जणांना, विशेषतः वयस्कर मंडळींना, तो शब्दच नको वाटतो. घेरंडसंहिता या योगावरच्या जुन्या ग्रंथात तर याला सरळ मृतासन म्हटलंय. पण यात अशुभ काही नाही, प्रेताला जसं काही धरून ठेवायचं नसतं तसं आपण थोडा वेळ काही धरायचं नाही, एवढाच अर्थ. पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिका या योगग्रंथात त्याचे कर्ते स्वात्माराम सांगतात, 'शवासनं श्रान्तिहरं चित्तविश्रान्तिकारकम्'. म्हणजे कामं दोन आहेत, थकवा घालवणं आणि चित्ताला विश्रांती देणं. आपण पहिल्यावरच थांबतो आणि दुसऱ्याच्या आधीच घोरायला लागतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे धपकन आडवं होणं. बसा, मग कोपरांचा आधार घेत एकेक मणका टेकवत पाठ खाली न्या. पायांत साधारण दीड फूट अंतर ठेवा, पावलं आपोआप बाहेर कलतील, कलू द्या. हात अंगाला चिकटवू नका, काखेत हवा खेळेल इतके लांब घ्या आणि तळवे आकाशाकडे ठेवा, कारण तळवे पालथे असले की बोटं जमिनीला चाचपत राहतात आणि खांदे पुढे येतात. मग मान. हनुवटी छताकडे गेली असेल तर मानेमागे ताण येतो, डोक्याखाली घडी घातलेली चादर घ्या, जाड उशी नको. कंबर उचललेली राहते, दुखते, अशी तक्रार असेल तर गुडघ्यांखाली लोड घ्या किंवा पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, बहुतेकांना लगेच फरक कळतो. आणि हो, अंगावर पातळ चादर घ्या, पंखा मंद करा. अंग सैल पडलं की गार वाटायला लागतं आणि मग सगळं लक्ष त्या थंडीकडेच जातं.

आता जे बाहेरून दिसत नाही ते. माझ्या क्लासला एक काकू यायच्या, अगदी निश्चल पडायच्या, बघणाऱ्याला वाटावं काय छान जमलंय. एकदा मी त्यांचं मनगट धरून हात हळूच उचलायला गेले तर तो भलताच हलका लागला, कारण माझ्या आधी त्यांनीच तो उचलला होता! सोडला तर तसाच वर तरंगत राहिला. बोटं वळलेली, जणू भाजीची पिशवी अजून हातातच आहे. त्यांना स्वतःला वाटत होतं की आपण सैल आहोत. घरच्या कोणाला तरी हे करून बघायला सांगा, हात जड लागला आणि सोडल्यावर आपल्या वजनाने पडला तरच तो सुटलाय. काकूंना मी एवढंच सांगितलं की श्वास सोडताना फक्त उजव्या हाताकडे बघा, बाकी अंग राहू दे. तिसऱ्या आठवड्यात हात धप्पकन पडला आणि त्यांनी डोळे उघडून विचारलं, "अगं, इतका जड असतो होय हा?"

हाताइतकाच चेहरा फसवतो. दातावर दात आवळलेले, जीभ टाळूला चिकटलेली, भुवयांमध्ये आठी. 'रिलॅक्स हो, रिलॅक्स हो' असा स्वतःला हुकूम सोडून ती आठी जात नाही, उलट वाढते. उच्छ्वास थोडा लांबू द्या आणि पायाच्या बोटांपासून वर एकेक जागा नुसती जाणवून घ्या.

विचार येणारच, गॅस बंद केला का, रिक्षा मिळेल का, ते ढकलायला जाऊ नका, येऊ दे आणि पुन्हा श्वासाकडे या. रोज झोपच लागत असेल तर रात्रीची झोप अपुरी आहे हे आधी बघा, आणि शवासन पलंगावर न करता जमिनीवर सतरंजी टाकून करा. उलट डोळे मिटले की घाबरल्यासारखं होत असेल तर डोळे अर्धे उघडे ठेवा, त्यात काही चुकत नाही.

वेळ किती? तासाभराच्या सरावानंतर किमान दहा मिनिटं द्या. दोन मिनिटांत श्वाससुद्धा ताळ्यावर येत नाही हो! मुंबईत केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. के. के. दाते यांनी बीपीच्या 47 रुग्णांना शवासन शिकवून अभ्यास केला, तो 1969 मध्ये प्रसिद्ध झाला, बऱ्याच जणांचं बीपी उतरलं, काहींची औषधंही कमी करता आली. पण ती डॉक्टरांनी कमी केली, आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

गरोदरपणात पाचव्या महिन्यानंतर फार वेळ उताणं पडू नका, गर्भाशयाचा भार हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर येतो. डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन केलं तरी ते शवासनच.

आणि उठताना घाई नको. आलार्म वाजला की ताडकन उठून बसणाऱ्यांनाच चक्कर येते. आधी बोटं हलवा, मग गुडघे वाकवून कुशीवर वळा, डोकं हातावर टेकून चारपाच श्वास तसेच घ्या, मग तळहात जमिनीवर दाबून उठा, डोकं सगळ्यात शेवटी वर येऊ द्या. थोडा वेळ मांडी घालून बसा, आणि मग मॅट गुंडाळा.