इंदूरमध्ये स्विंगिंग आणि किंकच्या वर्तुळात जपून प्रवेश कसा करावा

इंदूरमध्ये स्विंगिंग (जोडप्यांनी परस्परसंमतीने केलेली जोडीदारांची अदलाबदल) किंवा किंक (बांधणे, वर्चस्व-शरणागती यांसारख्या रूढीबाहेरच्या लैंगिक कृती) यांची आवड असलेली प्रौढ माणसे निश्चितच आहेत. ती सहजासहजी दिसत नाहीत इतकेच, आणि तशी न दिसण्यातच त्यांची सुरक्षितता आहे. येथील मराठी समाज तर फारच परस्परांत गुंतलेला आहे. रामबागेतल्या किंवा लोकमान्य नगरातल्या एखाद्या घरातली कुजबुज सानंद या मराठी संस्थेच्या पुढच्या नाट्यप्रयोगाच्या मध्यंतरापर्यंत साऱ्या ओळखीच्यांत पोहोचते, आणि तेथून पुण्याच्या नातेवाइकांपर्यंत जायला एक फोन पुरतो. त्यामुळे पुढे अनेक गोष्टी सांगितल्या असल्या तरी त्या सर्वांच्या मुळाशी एकच नियम आहे, तो म्हणजे संथपणाचा. जो माणूस, जो गट किंवा जो जोडीदार घाई करतो, तो इतर सर्व बाबतींत कितीही योग्य वाटला तरी त्याला नकार द्यावा.

पहिले काम घरातच करायचे असते आणि दुर्दैवाने बहुतेक जोडपी तेच घाईने उरकतात. दोघांनी वेगवेगळे बसून आपल्याला काय हवे आहे, काय कदाचित चालेल आणि काय कधीच चालणार नाही, हे कागदावर लिहावे आणि मगच एकमेकांचे कागद वाचावेत. एकत्र बसून यादी केली की अधिक उत्सुक असलेल्या जोडीदाराचे शब्द दुसऱ्याच्या तोंडी येतात. ‘कधीच नाही’ या रकान्यातल्या गोष्टीवर वाद घालू नये, तिचे कारणही मागू नये. बोलण्यात बारकावा असावा: केवळ इतरांच्या सहवासात राहायचे आहे, चुंबन आणि स्पर्शापर्यंतच जायचे आहे म्हणजे ज्याला सॉफ्ट स्वॅप म्हणतात तेवढेच, की फुल स्वॅप म्हणजे पूर्ण संभोगापर्यंत, एकाच खोलीत की वेगळ्या खोल्यांत, ओळखीच्या माणसांबरोबर की पूर्ण अनोळखी, आणि नंतर त्या व्यक्तीशी खासगी बोलणे चालेल की नाही. ऐनवेळी दोघांपैकी कुणीही एका ठरलेल्या शब्दाने सर्व काही थांबवू शकेल आणि त्याबद्दल घरी जाताना गाडीत अबोला धरला जाणार नाही, हा करार सर्वांत महत्त्वाचा आहे. संसारात आधीच तडा गेला असेल, तर तो सांधण्यासाठी या मार्गाला लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे; येथे आधीचा विश्वासच खर्ची पडतो, आणि तो नसेल तर उरते ती फक्त ईर्ष्या.

‘तयार करणे’ हा शब्द मला या विषयात अत्यंत घातक वाटतो. पत्नीला महिनोन्महिने विनवून, रुसून किंवा घर सोडण्याची भीती घालून मिळवलेला होकार हा होकार नव्हे. कायदाही तसेच मानतो: भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती भारतीय न्याय संहितेच्या कलम २८ नुसार संमती ठरत नाही, आणि स्त्री जोडीदाराला लैंगिक बाबतीत अपमानित करणे किंवा बळजबरी करणे हे २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या कक्षेत येते. जानेवारी २०२२मध्ये केरळच्या कोट्टायम जिल्ह्यात पतीने बळजबरीने अदलाबदलीत ओढल्याची तक्रार एका स्त्रीने केली आणि त्यातून अनेकांना अटक झाली. ज्या स्त्रीवर असा दबाव येत असेल, तिने १८१ या महिला हेल्पलाइनवर बोलावे. समोरच्या जोडप्यातील स्त्री गप्प असेल, सारे उत्तर तिचा पतीच देत असेल, तर आपणही तेथून माघार घ्यावी.

घरातले बोलणे पक्के झाले की ओळख झाकण्याची तयारी करावी. यासाठी वेगळा ईमेल पत्ता, शक्यतो वेगळे सिम आणि तुमच्या नावाशी, जन्मसालाशी किंवा आडनावाशी संबंध नसलेले टोपणनाव घ्यावे. मुख्य फोन नंबर दिला की ट्रूकॉलरवर नाव दिसते आणि व्हॉट्सअॅपवर मुलांसोबतचा फोटो दिसतो. शिवाय अॅपला संपर्कयादी वाचायची परवानगी दिली, तर ते तुमचे खाते तुमच्या मेव्हण्यालाही सुचवू शकते. टेलिग्रामच्या गोपनीयता सेटिंगमध्ये नंबर कुणालाही दिसणार नाही असा पर्याय निवडावा. सिग्नलवर २०२४पासून युजरनेम ठेवता येते, त्यामुळे नंबर न देताही बोलता येते आणि मला तोच मार्ग अधिक बरा वाटतो. एक धोका मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही: यूपीआयने शंभर रुपये पाठवले तरी समोरच्याला बँकेतले खरे नाव दिसते. कॉफीचे बिल वाटून घ्यायचे झाले, तर रोख द्यावे.

छायाचित्रे नवी काढावीत आणि ती फेसबुकवर किंवा इन्स्टाग्रामवर कधीही टाकलेली नसावीत, कारण प्रतिमेवरून शोध घेऊन मूळ खाते सापडू शकते. चेहरा वगळला तरी गोंदण, तीळ, विशिष्ट घडणीचे मंगळसूत्र, भिंतीवरचे कॅलेंडर किंवा गॅलरीतून दिसणारी ओळखीची इमारत सर्व काही सांगून जाते. फोटोच्या फाइलमध्ये ठिकाणाची नोंद राहू शकते, म्हणून कॅमेऱ्याची लोकेशनची परवानगी आधीच बंद ठेवावी. चेहरा आणि उघडे शरीर एकाच चित्रात कधीही नसावे.

शोध कोठे घ्यावा, याचे उत्तर दोन्ही आवडींसाठी थोडे वेगळे आहे. किंकसाठी २००८मध्ये सुरू झालेले फेटलाइफ हे संकेतस्थळ जगभर वापरले जाते आणि भारतातले गट तेथे आढळतात. जोडप्यांसाठी आणि मोकळ्या नात्यांसाठी फील्ड हे अॅप आहे. इंदूरमधली खाती तेथे मोजकी दिसतील आणि त्यांतली बरीच खोटी किंवा एकट्या पुरुषांनी जोडप्याच्या नावाने उघडलेली असतील, हे गृहीत धरूनच चालावे. पहिले काही आठवडे काही लिहू नये, केवळ वाचावे: कोण इतरांच्या नकाराचा मान राखतो, कोण स्त्रियांच्या खात्यांवर सतत संदेश पाठवतो, कुणाबद्दल जुने सदस्य चांगले बोलतात, हे वाचनातूनच कळते. मुंबई, पुणे, बेंगळुरू, दिल्ली या शहरांत किंकमध्ये रस असलेल्यांच्या ‘मंच’ (इंग्रजी munch) नावाच्या साध्या भेटी होतात. तेथे साध्या कपड्यांत कॅफेत बसून केवळ गप्पा होतात आणि कोणतीही कृती अपेक्षित नसते. इंदूरकराने पहिली ओळख अशा ठिकाणी करून घेणे मला अधिक सुरक्षित वाटते. पुण्यात मराठी माणसाचे निम्मे नातेवाईक असतात, तेव्हा रात्रीच्या अवंतिका एक्सप्रेसने मुंबई गाठणे बरे. तेथे विश्वासू माणसे भेटली की तीच पुढे इंदूर-उज्जैन-भोपाळकडच्या माणसांची गाठ घालून देतात. लहान शहरातले वर्तुळ अशा शिफारशीवरच चालते आणि जाहिरातीतून ते सहसा सापडत नाही.

टेलिग्रामवरचे ‘इंदूर कपल क्लब’ छापाचे गट, जे आधी सदस्यत्व शुल्क मागतात, ते जवळपास नेहमीच फसवणुकीचे असतात. नोंदणीचे पैसे, मग ‘पडताळणी’चे, मग परत मिळणारी अनामत अशी साखळी सुरू होते, आणि लाजेपोटी कुणी तक्रार करणार नाही यावरच ती उभी असते. दुसरा सापळा व्हिडिओ कॉलचा: समोरून एखादी स्त्री कपडे उतरवते, तुम्हीही उतरवावेत असे सुचवते, आणि काही मिनिटांत तुमचेच चित्रीकरण तुमच्याकडे पैशांच्या मागणीसह येते. खरी जोडपी पूर्ण कपड्यांत, दोघेही एकत्र, थोडा वेळ व्हिडिओवर बोलायला तयार होतात. एकटा आलेला विवाहित माणूस ‘घरी माहीत आहे’ असे म्हणत असेल, तर त्याच्या जोडीदाराशी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पहिली भेट केवळ बोलण्यासाठी असावी आणि तसे आधी स्पष्ट सांगावे. सराफा आणि छप्पन दुकान टाळावे, तेथे कुणी ना कुणी ओळखीचे भेटतेच. विजयनगर किंवा ए. बी. रोडवरच्या एखाद्या मोठ्या हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये, आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी, चार माणसे बसलेली कुणाच्या डोळ्यांत येत नाहीत. आपापल्या वाहनाने यावे. विश्वासातल्या एका व्यक्तीला ठिकाण आणि परतायची वेळ सांगून ठेवावी. कारण सांगायची गरज नाही. त्याच दिवशी खोलीवर जाण्याचे आमंत्रण आले तरी नकार द्यावा आणि घरी येऊन दोघांनी एक रात्र मध्ये जाऊ द्यावी. नकार कळवायचा झाल्यास तो नम्रपणे आणि लवकर कळवावा. उत्तर न देता गायब होणे लहान वर्तुळात फार दिवस लक्षात राहते.

पुढची भेट स्वतःच्या घरी ठेवू नये. हॉटेलात अविवाहित प्रौढांनी राहण्यास कायद्याची बंदी नाही आणि मद्रास उच्च न्यायालयाने २०१९मध्ये तसे म्हटले आहे; तरी हॉटेल आपल्या नियमाने प्रवेश नाकारू शकते आणि प्रत्येक पाहुण्याचे ओळखपत्र मागते, म्हणून प्रत्येक जोडप्याने आपली खोली स्वतंत्र, खऱ्या नावाने घ्यावी. ओळखपत्राच्या बाबतीत लपवाछपवी करू नये. फोन एका पिशवीत घालून बाजूला ठेवण्याचा नियम सर्वांना लागू असावा. मद्य अगदी बेताचे असावे, कारण नशेतली संमती नैतिकदृष्ट्याही टिकत नाही आणि कायद्यानेही टिकत नाही. लैंगिक सहवासासाठी पैसे घेणारा किंवा देणारा कुणी असेल, तर अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा, १९५६ आड येऊ शकतो. तेथून तत्काळ निघावे.

किंकच्या बाबतीत उत्साहापेक्षा ज्ञान अधिक लागते. ‘लाल’ म्हणजे थांबा, ‘पिवळा’ म्हणजे सावकाश, हे सेफवर्ड, म्हणजे आधीच ठरवलेले इशाऱ्याचे शब्द, सर्वत्र समजले जातात. तोंड झाकलेले असेल, तर हातात धरलेली वस्तू खाली टाकणे हीच खूण ठरवावी. दोरीने बांधताना दंडाच्या बाहेरच्या बाजूचा मज्जातंतू दाबला जाऊन मनगट लुळे पडू शकते, म्हणून हाताला मुंग्या आल्या किंवा बधिरता आली की क्षणात दोरी सोडावी, आणि बोथट टोकाची कात्री हाताशी ठेवावी. बांधलेल्या व्यक्तीला एकटे सोडून कधीही जाऊ नये. गळा दाबण्याची कोणतीही सुरक्षित पद्धत नाही. काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि रक्तवाहिनीला इजा होऊन नंतर पक्षाघातही येऊ शकतो. ‘मला सर्व येते, तू फक्त विश्वास ठेव’ असे म्हणणाऱ्या डॉमपासून (वर्चस्वाची भूमिका घेणाऱ्यापासून) नवख्याने दूर राहावे. सर्व संपल्यावर पाणी, पांघरूण आणि शांत बोलणे, ज्याला आफ्टरकेअर म्हणतात, ते शिष्टाचार म्हणून नव्हे तर गरज म्हणून करावे. मनाची घसरण कधीकधी दोन दिवसांनी येते, तेव्हा त्या दिवशीही फोन करावा.

आरोग्याच्या तपासणीत लाजू नये. एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी आणि सी, गोनोरिया, क्लॅमिडिया यांच्या चाचण्या भेटीपूर्वी सर्वांनी कराव्यात. मात्र नुकताच झालेला संसर्ग लगेच दिसत नाही, त्यामुळे स्वच्छ अहवाल असूनही कंडोम हवाच आणि तो जोडीदार बदलताना दर वेळी बदलावा. खोबरेल तेलाने लॅटेक्सचा कंडोम फाटतो. पाण्यावर आधारित वंगणच वापरावे. हिपॅटायटिस बीची लस घ्यावी आणि एचपीव्हीच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे, कारण एचपीव्ही हा विषाणू आणि जननेंद्रियाची नागीण (हर्पिस) यांना कंडोम पूर्णपणे अडवत नाही. एम. वाय. रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन होते, आणि २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार ती माहिती गोपनीय राहते. कंडोम फाटला, तर पीईपी, म्हणजे एचआयव्हीचा संसर्ग टाळण्यासाठी संपर्कानंतर घ्यायचे औषध, ७२ तासांच्या आत, जितके लवकर तितके बरे, सुरू करून २८ दिवस घ्यावे लागते. माहितीसाठी १०९७ हा नाकोचा (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा) क्रमांक आहे.

कायद्याच्या बाबतीत बराच गैरसमज आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी जुन्या भारतीय दंड संहितेतील व्यभिचाराचे कलम ४९७ रद्द केले, त्यामुळे प्रौढांचा परस्परसंमतीने खासगीत झालेला संबंध हा गुन्हा नाही. घटस्फोटाचे कारण म्हणून मात्र तो हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये कायम आहे. ज्याने स्वतः संमती देऊन त्यात साथ दिली, त्याला त्याच कारणावर घटस्फोट मागताना कलम २३ आडवे येते. गंभीर दुखापत न होणाऱ्या कृतीसाठी अठरा वर्षांवरील व्यक्तीची संमती न्याय संहितेच्या कलम २५ मध्ये मान्य आहे, परंतु गंभीर दुखापतीला हे संरक्षण मिळत नाही.

कुणी छायाचित्राच्या जोरावर धमकावू लागले, तर एक रुपयाही देऊ नये, कारण पहिला हप्ता मिळाला की दुसऱ्याची मागणी ठरलेलीच असते. संवाद पुसू नये. स्क्रीनशॉट, खात्याचे नाव, नंबर आणि यूपीआय आयडी जपून ठेवावेत आणि मगच ते खाते ब्लॉक करावे. १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. स्त्रियांशी संबंधित तक्रार तेथे नाव न देताही करता येते. स्टॉपएनसीआयआय या विनामूल्य सेवेत चित्र न पाठवता त्याची केवळ डिजिटल खूण तयार होते आणि सहभागी समाजमाध्यमे त्यावरून ते चित्र अडवतात. स्त्रीने फोटो काढायला संमती दिली असली तरी तो पसरवायला दिलेली नसेल, तर पसरवणारा न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हेगार ठरतो. पुरुषाच्या बाबतीत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ई लागू होते. पोलिसांशी बोलताना भेट कोणत्या हेतूने झाली होती हे लपवून गोष्ट रचू नये, संमतीने झालेल्या भेटीत सांगण्यासारखा गुन्हाच नाही. सोबत वकील असेल तर बरे, आणि तक्रार लिहून झाल्यावर ती शब्दन्‌शब्द वाचूनच सही करावी.