सूर्यफुलाच्या खोडाचा छेद: ऊती कशा ओळखाव्यात

वनस्पतींच्या ऊती, म्हणजे एकच काम करणाऱ्या पेशींचे समूह, पाठ करून लक्षात राहत नाहीत. एक चांगला छेद, म्हणजे आडवा पातळ काप, स्वतःच्या हातानं घेतला की मात्र त्या कायमच्या डोक्यात बसतात. सुरुवातीला सूर्यफुलाचं कोवळं खोड घ्यावं, पेन्सिलीपेक्षा बारीक. जून खोड घेतलं तर लाकूड तयार झालेलं असतं, वाहक पूल (पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या ऊतींचे जुडगे) सुटे दिसत नाहीत आणि ब्लेडही अडतं.

पेरांच्या मधला ३ ते ४ सेंमीचा तुकडा कापून लगेच पाण्यात टाका. नवं ब्लेड वापरा. निम्मे छेद बिघडतात ते बोथट ब्लेडमुळे. ब्लेड आणि खोडाचं टोक दोन्ही पाण्यानं ओलं ठेवा. तुकडा अंगठा आणि तर्जनीत उभा धरून ब्लेड आडवं, एका दमात स्वतःकडे ओढा. करवतीसारखं पुढंमागं केलं की पेशी फाटतात. असे वीसेक काप वॉच ग्लासमधल्या (काचेच्या उथळ बशीतल्या) पाण्यात सोडा आणि त्यातले सर्वांत पारदर्शक दोन-तीन ब्रशनं उचला. छेद पूर्ण गोल नसला तरी चालेल. पाचर झालेल्या कापाची पातळ कडाही कामाची असते.

निवडलेले छेद १ टक्का सॅफ्रानिन या लाल रंगद्रव्यात २ ते ३ मिनिटं ठेवा, मग पाणी रंगहीन होईपर्यंत धुवा. धुण्यात घाई केली की सगळंच लाल दिसतं आणि रंगवण्याचा उपयोग राहत नाही. काचपट्टीवर पातळ ग्लिसरीनचा एक थेंब, त्यात छेद, आणि कव्हर स्लिप सुईच्या आधारानं तिरकी धरून सावकाश टेकवा. सपाट टाकली तर हवेचे बुडबुडे अडकतात. काळ्या जाड कडेची गोल वर्तुळं दिसली तर ती पेशी नव्हेत, हवा आहे.

आधी सूक्ष्मदर्शकाच्या दहा पटीच्या वस्तुभिंगातून बाहेरून आत पाहत जा. लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य) असलेल्या पेशीभिंती गडद लाल होतात, सेल्युलोजच्या फिकट गुलाबी राहतात. ओळख पटवायची ती या फरकावरून.

सर्वांत बाहेर अपित्वचेचा (खोडाच्या सालीसारख्या आवरणाचा) एक थर, त्यावर अनेकपेशीय केस. त्याखाली स्थूलकोन ऊतीचे काही थर: पेशी जिवंत, भिंती एकसारख्या जाड नसलेल्या, पण लिग्निनविरहित. म्हणूनच कोवळं खोड वाऱ्यात वाकतं, मोडत नाही आणि वाढूही शकतं. मग पातळ भिंतींची, मध्ये मोकळ्या जागा असलेली मूल ऊती. मध्यभागी भेंड, म्हणजे खोडाचा मऊ गाभा, तोही तिचाच. साठवण हे तिचं मुख्य काम. न रंगवलेल्या छेदावर आयोडीनचा थेंब टाकला, तर वाहक पुलांच्या बाहेरचा एक थर स्टार्चमुळे निळा-काळा होतो, तो अंतःत्वचेचा.

वाहक पूल एका कड्यात मांडलेले असतात. प्रत्येकाच्या बाहेरच्या अंगाला दृढ ऊतीची लाल टोपी असते. या पेशी परिपक्व झाल्यावर मृत असतात आणि त्यांच्या जाड भिंतीच आधार देतात. आतल्या अंगाला मोठ्या पोकळीच्या लाल पेशी दिसतात, ती पाणी वर नेणारी जलवाहिनी. टोपी आणि जलवाहिनी यांच्यामध्ये जी बारीक, फिकट पेशींची पट्टी असते तिथं विद्यार्थी हमखास चुकतात. ती रसवाहिनी, अन्न वाहून नेणारी. तिच्या चाळणी नलिकांना केंद्रक नसतं, त्यांचं काम शेजारच्या सहपेशी सांभाळतात. तिच्या आत, जलवाहिनीला लागून चपट्या आयताकृती पेशींच्या ओळी असतील, तर ती एधा, म्हणजे सतत विभागून नव्या पेशी बनवणारी विभाजी ऊती. हे पंचेचाळीस पटीच्या भिंगातून पाहा. चाळणी पट्ट्या (चाळणी नलिकांमधल्या छिद्रं असलेल्या आडव्या भिंती) नीट पाहायच्या असतील तर भोपळ्याच्या वेलाचा छेद घ्या; तिथं त्या मोठ्या असतात आणि रसवाहिनी जलवाहिनीच्या दोन्ही अंगांना असते.

मक्याच्या खोडात पूल विखुरलेले असतात आणि एधा नसते. अपित्वचेखाली स्थूलकोनाऐवजी दृढ ऊती असल्यानं बाहेरची कडाच लाल दिसते.

दृढ ऊतीचा आणखी एक प्रकार पाहायला ब्लेडही लागत नाही. पेरूच्या गरातला दाताखाली करकरणारा कण काचपट्टीवर चिरडून सॅफ्रानिन लावा: भिंत इतकी जाड, की आत पोकळी जेमतेम उरते.