नर्सिंगचा परवाना जपायचा असेल तर: नोंदी, औषधं आणि नोटीस आल्यावरचे पहिले दिवस

नर्सिंग कौन्सिलपुढे (नर्सची नोंदणी करणाऱ्या संस्थेपुढे) तक्रार गेली की चौकशी करणाऱ्यांच्या हातात मुख्यतः दोन गोष्टी असतात: तक्रारदाराचं म्हणणं आणि घटनेच्या वेळचा केसपेपर. ड्यूटीवर किती धावपळ होती, किती रुग्ण एकटीने सांभाळले, हे त्यांना दिसत नाही. म्हणून परवाना वाचवण्याचं बहुतेक काम ड्यूटीवरच, रुग्णाजवळ उभं असतानाच होतं. वकील त्यानंतर येतो, आणि त्यालाही तुम्ही लिहिलेल्या कागदावरच उभं राहावं लागतं.

नोंद कशी लिहायची

"डॉक्टरांना कळवलं" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक वॉर्डात लिहिलं जातं, पण चौकशीत त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. कोणत्या डॉक्टरांना, किती वाजता, काय सांगितलं, ते काय म्हणाले? हे नसेल तर कळवलं नाही असंच धरलं जाण्याची भीती असते. कामाची नोंद अशी दिसते:

"02:10: नाडी 128, रक्तदाब 84/50, श्वसन 28, गेल्या 4 तासांत लघवी 60 मिली. 02:14: ड्यूटी डॉक्टरांना (पूर्ण नाव) फोनवर वरील आकडे सांगितले, प्रत्यक्ष येऊन पाहण्याची विनंती केली. आदेश: नॉर्मल सलाईन 500 मिली, 15 मिनिटांत. आदेश परत वाचून दाखवला. 02:18: सलाईन सुरू. 02:35: रक्तदाब 86/50, डॉक्टर आलेले नाहीत. 02:36: पुन्हा फोन, उत्तर नाही. 02:38: नर्सिंग सुपरवायझर व वरिष्ठ डॉक्टरांना (नावं) कळवलं."

लिहायला दोन मिनिटं लागतात. यात कोणावर आरोप नाही, "डॉक्टर नेहमीप्रमाणे आले नाहीत" असा टोमणा नाही. आकडे, वेळ, नाव आणि पुढची पायरी एवढंच आहे. तुम्ही धोका ओळखला आणि उत्तर मिळेना तेव्हा वरच्या पायरीवर गेलात, हे दोन्ही त्यातून सिद्ध होतं. "एकदा फोन केला होता" एवढ्यावर जबाबदारी संपत नाही. रुग्ण ढासळतोय आणि उत्तर येत नाही, तर वर जाणं हे तुमचंच काम आहे.

वेळ 24 तासांच्या घड्याळात लिहा. रुग्णाचं वर्णन करताना स्वतःचं मत घालू नका. "रुग्ण आडमुठेपणा करतो" याऐवजी "रुग्ण म्हणाला, 'मला हे इंजेक्शन नको', न घेण्याचे धोके समजावले, तरीही नकार, डॉक्टरांना कळवलं" असं लिहा. काम होण्याआधी नोंद कधीही करू नका. 6 च्या गोळ्या 5 वाजताच "दिल्या" म्हणून भरून ठेवायच्या आणि 5:40 ला रुग्ण तपासणीला गेला, म्हणजे तुमच्याच हस्ताक्षरात खोटी नोंद तयार. चार तासांचे तापमान-नाडीचे आकडे एकसारखे, एकाच पेनने, एका ओळीत भरलेले असले तर ते पाहणाऱ्याच्या लगेच डोळ्यांत भरतात.

चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी तारीख, वेळ, सही. खाडाखोड नको, व्हाइटनर नको, पान बदलणं तर नकोच. काही लिहायचं राहिलं तर "उशिरा केलेली नोंद" असं स्पष्ट लिहून आत्ताची वेळ टाका आणि घटना किती वाजताची होती ते वेगळं सांगा. संगणकावर बहुधा प्रत्येक बदल, प्रत्येक उघडलेली फाइल वेळेसकट साठते. त्यामुळे स्वतःचा पासवर्ड सहकाऱ्याला देणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणं. ज्याची शुश्रूषा तुमच्याकडे नाही त्याची फाइल उघडू नका, तो शेजारी असो की नातेवाईक. निव्वळ कुतूहलापोटी फाइल उघडणं हाच मुळात गोपनीयतेचा भंग आहे.

औषधं

तोंडी किंवा फोनवरचा आदेश आधी लिहा, मग वाचून दाखवा, मग "बरोबर" असं ऐका. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून आकडे सुटे सांगा: "एक-पाच". युनिट हा शब्द पूर्ण लिहा. इंग्रजी यू हे अक्षर शून्यासारखं दिसतं आणि 10 युनिट इन्शुलिनचे 100 होतात. 1.0 असं लिहू नका, टिंब पुसट आलं तर 10 वाचलं जातं. उलट .5 न लिहिता 0.5 लिहा. इन्शुलिन, हेपारिन, पोटॅशियम क्लोराइड, अफूजन्य वेदनाशामकं यांत चुकीला माफी नसते, म्हणून दुसऱ्या नर्सने स्वतंत्रपणे मात्रा काढून पडताळली पाहिजे. "माझं उत्तर 4 मिली, बरोबर ना?" असं विचारलं तर समोरची मान डोलावेल आणि ती पडताळणी ठरणार नाही. तिचं उत्तर तिला काढू द्या.

नियंत्रित औषधांच्या (मॉर्फिनसारख्या, ज्यांचा हिशेब ठेवावा लागतो अशा) बाबतीत संशय बहुधा एकेका इंजेक्शनवरून नाही, पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या पद्धतीवरून येतो. समजा मॉर्फिनची 10 मिग्रॅची अॅम्प्यूल घेतली आणि आदेश 4 मिग्रॅचा आहे. उरलेले 6 मिग्रॅ तिथल्या तिथे, साक्षीदाराच्या डोळ्यांसमोर टाकून द्यायचे आणि दोघांनी लगेच सही करायची. ड्यूटी संपताना "जरा सही कर" म्हणून घेतलेली सही दोघांनाही गोत्यात आणते. जे तुम्ही टाकताना पाहिलं नाही, त्यावर जिवलग मैत्रिणीसाठीही सही करू नका. कपाटातून काढल्याची वेळ, दिल्याची वेळ, आधीचं वेदनेचं गुणांकन आणि नंतरचं गुणांकन या चार गोष्टी जुळल्या पाहिजेत. औषध काढलंय पण दिल्याची नोंद नाही, एवढ्यावर चोरीचा आरोप होऊ शकतो, मग खरं कारण निव्वळ विसर का असेना. शिफ्ट बदलताना मोजणी दोघींनी मिळून, प्रत्यक्ष अॅम्प्यूल हातात घेऊन करा. फरक निघाला तर तो लिहून वर कळवल्याशिवाय वॉर्ड सोडू नका.

जे काम आपलं नाही

न शिकलेली प्रक्रिया "एकदा करून तर बघ" म्हणून अंगावर घेऊ नका. नियुक्ती असुरक्षित वाटत असेल तर आक्षेप ओव्हर (आधीच्या शिफ्टकडून रुग्णांचा ताबा) घेण्याआधी, लेखी नोंदवा: किती रुग्ण, किती गंभीर, कोणतं प्रशिक्षण नाही, काय मदत हवी. ओव्हर घेतल्यावर रुग्णांना कोणाच्या स्वाधीन न करता निघून गेलात तर मूळ तक्रार कितीही रास्त असली तरी रुग्णांना वाऱ्यावर सोडल्याचा आरोप तुमच्यावर येतो. या क्रमाकडे फार जणी दुर्लक्ष करतात.

मोबाइलबद्दल थोडक्यात: जखमेचा फोटो, मॉनिटरचा फोटो, मागे फलकावर नाव दिसणारा वाढदिवसाचा सेल्फी, यातलं काहीही खासगी ग्रुपवर नको. चेहरा नसला तरी बेड क्रमांक आणि तारखेवरून रुग्ण ओळखता येतो. रुग्णाकडून उसने पैसे किंवा महागडी भेट घेऊ नका आणि त्याच्याशी खासगी संबंध ठेवू नका.

चूक झालीच तर

आधी रुग्ण: तपासा, डॉक्टरांना बोलवा, उपाय सुरू करा. मग केसपेपरवर घडलं ते जसंच्या तसं लिहा, कोणतं औषध, किती, किती वाजता, त्यानंतरचे आकडे. संस्थेचा घटना-अहवाल त्याच शिफ्टमध्ये भरा. त्यात अंदाज आणि दोषारोप नकोत. प्रामाणिक चूक प्रशिक्षणावर निभावू शकते. तीच चूक लपवली की विषय अप्रामाणिकपणाचा होतो, आणि तिथे परवानाच पणाला लागतो.

नोटीस हातात आल्यावर

पाकीट उघडल्याबरोबर उत्तराची शेवटची तारीख लिहून ठेवा. पाकीटही जपा, त्यावरचा टपालाचा शिक्का तारखेचा पुरावा ठरू शकतो. घाबरून चौकशी अधिकाऱ्याला फोन करून सगळं "समजावून" सांगू नका. तो कितीही आपुलकीने बोलला तरी तुमचा शब्द नोंदला जातो. परवान्यांच्या प्रकरणांचा अनुभव असलेला वकील गाठा आणि वेळ कमी पडत असेल तर त्याच्यामार्फत मुदतवाढ मागा. नोटीस दुर्लक्षित ठेवणं सर्वांत वाईट, कारण तुमच्या गैरहजेरीतही निर्णय होऊ शकतो.

या काळात तक्रारदाराला भेटू नका, सहकाऱ्यांशी जबाब जुळवू नका, त्या रुग्णाची फाइल परत उघडू नका, नोंदीत एक अक्षरही बदलू नका. आठवतं ते वेळेच्या क्रमाने फक्त वकिलासाठी लिहून द्या. "परवाना स्वतःहून परत करा, प्रकरण मिटेल" असा सल्ला कोणी दिला तर वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका. चौकशी चालू असताना परत केलेला परवाना अनेक ठिकाणी शिस्तभंगाची कारवाई म्हणूनच नोंदला जातो आणि दुसरीकडे नोंदणी मागताना आडवा येतो.

व्यावसायिक विमा नोटीस येण्याआधी घ्यायचा असतो. पॉलिसीत नुकसानभरपाईच्या दाव्यांबरोबर परवाना-चौकशीचा वकिली खर्च आहे का, ते वाचा. रुग्णालयाचा विमा मुळात रुग्णालयासाठी असतो. तुमचं आणि व्यवस्थापनाचं म्हणणं वेगळं पडलं तर त्यावर विसंबता येत नाही. काही पॉलिसी फक्त चालू असतानाच आलेल्या दाव्यांना लागू होतात. अशी पॉलिसी नोकरी सोडताना बंद केली तर जुन्या घटनेवर नंतर आलेली तक्रार उघड्यावर पडते.

व्यसन, नैराश्य किंवा झोपेअभावी हात थरथरणं जाणवत असेल तर तक्रार येण्याआधी स्वतःहून उपचार घ्या. काही देशांतल्या कौन्सिलांकडे अशा नर्ससाठी शिक्षेऐवजी उपचार आणि देखरेखीची वेगळी वाट असते. ती बहुधा आधी पुढे येणाऱ्यालाच मोकळी मिळते.

नूतनीकरणाची तारीख संपण्याच्या 90 दिवस आधी फोनवर आठवण लावा. पत्ता बदलला की कौन्सिलला लगेच लेखी कळवा, कारण जुन्या घरी गेलेली नोटीसही पोहोचली असंच धरलं जाऊ शकतं. अर्जात गुन्हा किंवा आधीच्या कारवाईबद्दल प्रश्न असेल तर खरं उत्तर लिहा, सोबत निकालाची प्रत जोडा. प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, नेमणुकीची पत्रं आणि तुम्ही दिलेल्या लेखी आक्षेपांच्या प्रती घरी एका फाइलमध्ये ठेवा. त्यात रुग्णाचं नाव असलेला एकही कागद नसावा.