मोरीचे पाणी परसबागेत कसे जिरवावे

कोकणातील जुन्या घरांच्या मागे, न्हाणीचे पाणी जिथे बाहेर पडते तिथे, अळू, केळ आणि कर्दळ हमखास दिसतात. सतत ओल सोसणारी आणि भरपूर पाणी पिणारी झाडे नेमकी तिथे लावण्याचे हे शहाणपण आजच्या बंगल्याला किंवा तळमजल्याच्या घरालाही तितकेच उपयोगी पडते. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाण्याची गरज धरतात; त्यातील ४५ लिटर शौचालयासाठी सोडले, तरी उरलेल्या पाण्याचा मोठा भाग आंघोळ आणि धुणे यांतून थेट गटारात जातो.

सर्वप्रथम पाण्याची निवड करावी. शौचालयाचे, बाळाचे लंगोट धुतलेले आणि आजारी माणसाच्या कपड्यांचे पाणी बागेत कधीही सोडू नये. भांड्यांच्या खरकट्या, तेलकट पाण्याने मातीला दुर्गंधी येते आणि घुशी फिरकू लागतात, म्हणून तेही टाळावे. तांदूळ, डाळी आणि भाज्या धुतलेले पाणी मात्र तसेच कुंडीत ओतता येते. आंघोळीचे पाणी आणि कपडे शेवटचे खळबळलेले पाणी बागेसाठी चांगले.

यानंतरचा विचार साबणाचा, आणि माझ्या मते सारे यश त्यावरच अवलंबून आहे. धुण्याच्या बहुतेक पावडरींमध्ये सोडियमचे क्षार असतात. ते साचत गेले की मातीचे कण एकमेकांपासून सुटून छिद्रे बुजतात. काळ्या मातीत हा त्रास लवकर जाणवतो. आमच्या जास्वंदीच्या आळ्यात मी वर्षभर पावडरीचे पहिले, फेसाळ पाणी सोडत होते, तेव्हा पानांच्या कडा करपल्या, मातीवर मिठासारखी पांढरी खपली धरली आणि ओतलेले पाणी मुरण्याऐवजी वरच तळ्यासारखे उभे राहू लागले. तशी खपली दिसताच ती खरवडून काढावी, मातीत जिप्सम मिसळावे आणि काही आठवडे केवळ स्वच्छ पाणी द्यावे. पावडर मोजून वापरावी आणि ब्लीच किंवा फिनाईल मिसळलेले पाणी बागेकडे वळवूच नये.

आता पाणी नेण्याची सोय करावी. मोरीच्या पाइपला दर मीटरला सुमारे २ सेंटिमीटर उतार द्यावा आणि एक झडप अशी बसवावी, की गरज पडेल तेव्हा पाणी पुन्हा गटाराकडे वळवता येईल. वाटेत ५० लिटरचा एक पिंप ठेवून त्याच्या तळाशी जाड खडी, त्यावर बारीक खडी आणि वर जाड वाळू भरावी. सर्वांत वर नारळाच्या शेंड्यांचा थर द्यावा, म्हणजे केस आणि कपड्यांचे धागे तिथेच अडकतात. हा थर दर आठवड्याला बदलावा लागतो. त्यात आळस केला तर पिंप तुंबतो.

पिंपातून निघालेले पाणी साठवू नये. चोवीस तासांपेक्षा जास्त राहिलेल्या साबणाच्या पाण्याला घाण वास सुटतो आणि उघड्या पाण्यात डास अंडी घालतात. झाडाभोवती बुंध्यापासून थोडे दूर आळे करावे, त्यात ८ ते १० सेंटिमीटर पालापाचोळा घालावा आणि पाणी त्या पाल्याखाली सोडावे. झारीने पानांवर शिंपडू नये. केळ, नारळ, पपई, कर्दळ आणि शोभेची झाडे यांना हे पाणी मानवते. कोथिंबीर, पालक, मुळा, गाजर यांसारख्या पानांसाठी किंवा मुळांसाठी खाल्ल्या जाणाऱ्या पिकांना, तसेच कोवळ्या रोपांना ते देऊ नये. तुळशीला तर आपल्याकडे कोणी सांडपाणी घालतच नाही.

एकाच आळ्यात रोज पाणी न सोडता दोन-तीन आळी आलटून पालटून वापरावीत. जूनमध्ये पाऊस धरला की झडप गटाराकडे फिरवावी. चार महिन्यांच्या पावसाने मातीत साचलेले क्षार बरेचसे धुऊन निघतात, आणि दिवाळीनंतर जमीन सुकू लागली की पिंपातील वाळू धुऊन पाणी पुन्हा बागेकडे वळवावे.